पाय एकाएकीं चालेनासे झाले तर

पायांतली शक्ति गेली कीं तो वायूचा प्रकोप, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाहीं. तेल कोमट होतें, शेक सुरू होतो, आणि घरांतले वडील संध्याकाळीं परतल्यावर डॉक्टर बोलवावा कीं नाहीं याचा निर्णय होतो. हा विलंब किती महाग पडतो तें सांगण्यासाठीं आम्ही आज हा विषय घेतला आहे.

जानेवारी २०२५ मध्यें पुण्यास सिंहगड रस्त्याच्या बाजूस, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत जें घडलें तें वाचकांच्या स्मरणांत असेलच. प्रथम जुलाब, कांहीं दिवसांनीं तळपायांस मुंग्या, मग जिना चढवेना, मग उठवेना. संशयित रोगी दोनशेंवर गेले. १९१६ सालीं गुलियां, बारे व स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनीं दोन सैनिकांच्या ठायीं पाहून वर्णिलेला हा रोग. पुण्यांतील कित्येक रोग्यांच्या शौचांत कँपिलोबॅक्टर नांवाचे जंतु सांपडले. त्यांच्याशीं लढण्यास शरीर जीं द्रव्यें निर्माण करतें, तींच पुढें आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात. दुर्बलता बहुधा दोन्ही पायांत सारखी असून वर चढत जाते. श्वासाच्या स्नायूंपर्यंत ती पोंचली कीं यंत्राचा आधार लागतो, व ही वेळ चार-पांच रोग्यांत एकावर येते. म्हणून ‘हात तर अजून हालताहेत’ या समाधानांत राहूं नये. शिरेंतून इम्युनोग्लोब्युलिन देऊन किंवा रक्तद्रव बदलून रोगाचा जोर कमी करतां येतो. पण हे उपाय पहिल्या दोन आठवड्यांत अधिक लागू पडतात.

अर्धांगवायूची गोष्ट निराळी. तो क्षणांत येतो; बहुधा एकाच बाजूचा हात-पाय जातो, तोंड वांकडें होतें, वाचा अडखळते. गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि तेंही मेंदूचें स्कॅन करून. कारण रक्तस्राव असल्यास तेंच घातक ठरतें. तेव्हां रोगी शेवटीं धडधाकट केव्हां दिसला ती वेळ टिपून ठेवावी. एकत्र कुटुंबांत ती कोणास ना कोणास ठाऊक असतेच! एक प्रकार मात्र फसवा आहे: हातापायांत जोर शाबूत, पण उभें केलें कीं रोगी एका बाजूस कोसळतो, चक्कर येते, ओकारी होते. घरांत त्यास पित्त म्हणून मोरावळा पुढें करतात. लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तरी नेमकें असेंच होतें.

पाय जड होण्याबरोबर लघवी तुंबली, किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर कण्यांतील मज्जारज्जूवर वा तेथून निघणाऱ्या तंतूंवर दाब आल्याचा संशय धरावा. या लक्षणांविषयीं आमच्या भगिनी संकोचानें बोलत नाहींत, आणि त्या संकोचापायीं जन्माचें पंगुत्व येऊं शकतें. सुनेनें तें सासूबाईंस स्पष्ट सांगावें, व सासूबाईंनींही तें ऐकून घ्यावें.

तरुण मुलगा पंगतींत जिलब्यांवर ताव मारून निजला आणि पहाटे त्याला पायच उचलेनात, तर रक्तांतील पोटॅशियम उतरलेलें असूं शकतें. योग्य उपचारानें तो बहुधा कांहीं तासांत चालतो. पण तोंवर हृदयावर नजर ठेवावी लागते, व तें घरीं होणारें काम नव्हे. वृद्धांत सोडियम घटल्यानें, तापानें, किंवा न्हाणीघरांत पडून खुब्याचें हाड मोडल्यानेंही उभें राहणें बंद होतें.

१०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत रोग्यास चालवून पाहूं नये. मधुमेही असल्यास रक्तांतील साखर मोजावी. ॲस्पिरिन आपल्या मनानें देऊं नये, आणि गिळतांना ठसका लागत असेल तर पाण्याचा घोटही नको.