आकाशातील अवचित पाहुणे

वाचकहो, काशीस गेलात तर दशाश्वमेध घाटाला लागून असलेल्या मानमंदिराच्या गच्चीवर अवश्य जा. आंबेरचे राजा मानसिंग यांनी इ. स. १६०० च्या सुमारास हा वाडा बांधला व पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी त्याच्या गच्चीवर वेधशाळा उभारली. सम्राटयंत्र, चक्रयंत्र, दिगंशयंत्र अशी तेथील यंत्रे आजही पाहावयास मिळतात. त्यांना दुर्बिणीची जोड नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहून ज्योतीचे स्थान अंशांत मोजावयाचे, हेच त्यांचे कार्य.

सूर्य, चंद्र व ग्रह हे आकाशातील नित्याचे रहिवासी होत. त्यांचे येणे-जाणे गणिताने आधीच सांगता येते. परंतु कधी कधी तेथे अवचित पाहुणाही येतो. जयसिंग १७४३ साली निवर्तले आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १७४४ च्या आरंभी, एक अतितेजस्वी धूमकेतू साऱ्या जगाने पाहिला. त्याला सहा शेपट्या फुटल्याचे युरोपातील निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे.

अशा पाहुण्यांविषयी आपल्या पूर्वजांची भूमिका काय होती? सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. मात्र त्यांचे उदयास्त गणिताने कळत नाहीत, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. त्यामुळे केतू गणिताच्या ग्रंथांत न येता शुभाशुभाच्या प्रकरणात गेले. हे कोडे पुढे एडमंड हॅले यांनी काही अंशी उलगडले. जुन्या नोंदी ताडून, १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल, असे भाकीत त्यांनी केले. ते पाहावयास हॅले हयात नव्हते, पण धूमकेतू ठरल्या वेळी आला! तोच आता २०६१ साली पुन्हा दिसेल.

धूमकेतू हा आपल्या सूर्यमालेतील बर्फाचा व धुळीचा गोळा. नवताऱ्याची गोष्ट निराळी. तेथे श्वेत बटू तारा आपल्या जोडीदाराकडून वायू ओढून घेतो आणि तो साठा एके दिवशी भडकतो; तारा मात्र शिल्लक राहतो. अतिदीप्त नवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, हा तर ताऱ्याचा प्रचंड विस्फोट होय. इ. स. १०५४ च्या जुलैमध्ये वृषभ राशीत असा तारा प्रकटला. चिनी ज्योतिषांनी त्याची तारीख टिपली. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता. त्याचेच अवशेष आज क्रॅब अभ्रिका म्हणून ओळखले जातात.

मग भारतात तो कोणी पाहिला नाही काय? हा प्रश्न डॉ. जयंत नारळीकर यांना पडला. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरास झाला, पण बालपण गेले काशीत. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. पुढे पुण्यात त्यांनी संस्कृत पंडिता सरोजा भाटे यांच्यासह जुन्या ग्रंथांत या ताऱ्याचा शोध घेतला व तो २००१ साली प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध अशी नोंद हाती लागली नाही. दिवसाढवळ्या चमकणारा तारा आपल्याकडे कोणाच्याच दृष्टीस पडला नसेल, हे मनाला पटत नाही. परंतु जे लिहून ठेवले नाही, वा लिहिलेले जपले नाही, ते शास्त्राच्या उपयोगी पडत नाही.

हे काम आजही घरच्या घरी करता येते. उत्तर मुकुट तारकासमूहातील एक नवतारा १८६६ व १९४६ साली भडकला होता. त्याच्या पुढील स्फोटाची जगभरचे निरीक्षक २०२४ पासून वाट पाहू लागले. मुलांना गच्चीवर न्या, तो तारकासमूह दाखवा. कोणतीही अपरिचित ज्योत दिसली, की वहीत तारीख, वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लिहा. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते. एवढे यंत्र प्रत्येकापाशी आहेच. त्या पाहुण्यास भिण्याचे कारण नाही. त्याची नोंद मात्र चुकवू नये.