भरपाई श्रमाची की कागदाची?

मोटार अपघातात पाय गमावलेला कायम नोकरीतील कारकून पुन्हा मेजाशी बसू शकतो; हातगाडीवाल्याचा धंदाच बुडतो. अपंगत्वाचे मोजमाप व्यवसाय पाहूनच करावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने मात्र चाळिशीच्या आतील कायम नोकरदाराच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ५० टक्के, तर स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या उत्पन्नात ४० टक्के भर ठरविली. मृत्यूच्या दाव्यातील हे तत्त्व २०२० मध्ये कायम अपंगत्वालाही लागू ठरले. हा फरक एक वेळ सोसवेल. पण ४० टक्के कशाचे? वेतनचिठ्ठी नसलेल्याची मूळ कमाईच न्यायाधिकरणाला पुष्कळदा किमान वेतनावरून अंदाजावी लागते. यास्तव अशा दाव्यांत व्यवसायाची प्रत्यक्ष चौकशी बंधनकारक व्हावी. भरपाई बुडालेल्या श्रमाची द्यावयाची आहे, जपून ठेवलेल्या कागदाची नव्हे.