जागल्यांचे रक्षण कोण करणार?

पूर्वी गावगाड्यात जागल्या असे. गाव झोपले की तो जागा राही आणि संकटाची चाहूल लागताच हाळी देई. आज हे काम पत्रकार, माहितीचा अधिकार वापरणारे नागरिक व सामाजिक कार्यकर्ते करतात. मात्र त्यांनी आवाज उठवताच अनेकदा कोट्यवधींच्या अब्रुनुकसानीची नोटीस त्यांच्या हाती पडते. वकिलांची फी आणि तारखांचा फेरा यांनी समोरचा गप्प व्हावा, एवढाच अशा दाव्यांचा हेतू असतो.

1998 साली तत्कालीन मंत्री बबनराव घोलप यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात अण्णा हजारे यांना 3 महिन्यांची शिक्षा झाली. निकालाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु अण्णांच्या पाठीशी जनमत होते. सामान्य तक्रारदाराच्या पाठीशी कोण असते?

माल्टा या कॅथलिक देशात पत्रकार दाफ्ने कारुआना गालित्सिया यांची 16 ऑक्टोबर 2017 रोजी हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर 40 हून अधिक दावे प्रलंबित होते. त्यानंतरच्या चळवळीतून 2024 मध्ये युरोपीय संघाने नियम केला: सीमापार स्वरूपाच्या प्रकरणांत उघडपणे निराधार दावा आरंभीच फेटाळता यावा आणि खर्च दावेदाराने सोसावा.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. 2014 चा जागल्या संरक्षण कायदा संमत होऊनही अमलात आलेला नाही. खोट्या दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-अ नुसार मिळणारी भरपाई सर्वसाधारण दाव्यांत 3000 रुपयांवर जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात अशा दाव्यांच्या धोक्याची दखल घेतली, ही आशेची बाब होय.

आठवी आज्ञा खोटी साक्ष निषिद्ध मानते. म्हणून निरपराध व्यक्तीची अब्रू जपणारा कायदा हवाच. पण नाबोथाचा द्राक्षमळा बळकावताना न्यायासनाचाच वापर झाला होता, हेही पवित्र शास्त्र सांगते. दोहोंतील भेद प्रारंभीच करणारी तरतूद संसदेने करावी.

13 मे 2024 रोजी आमच्या घाटकोपरच्या छेडानगरात महाकाय जाहिरात फलक कोसळून 17 जणांचे प्राण गेले. अशा धोक्यांविषयी वेळीच प्रश्न विचारणारा नागरिक निर्भय राहिला पाहिजे. आपापल्या धर्मग्रामांतील वकील बंधुभगिनींनी अशा नागरिकांना विनामूल्य सल्ला देण्यास पुढे यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.