गृहयंत्रविचार : आरशाखालचीं तीन बटणें

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत कन्येकडे सहा महिन्यांसाठीं गेलेल्या एका वाचकभगिनींनीं प्रश्न पाठविला आहे. जांवयांनीं नवी मोटार घेतली. तिच्या आंतील आरशाच्या खालच्या कडेला तीन लहान बटणें आहेत. त्यांपैकीं एक दाबलें म्हणजे गॅरेजचें दार आपोआप वर जाईल, असें विकणाऱ्यानें सांगितलें. त्याच्या सांगण्याप्रमाणें जुना रिमोट आरशाजवळ धरून विधि यथासांग झाला, दिवाही लुकलुकला. परंतु दार कांहीं हललें नाहीं. ‘आमचें काय चुकलें?’ असें त्या विचारतात. चुकलें कांहींच नाहीं. विकणाऱ्यानें विधीचा पूर्वार्ध सांगितला आणि उत्तरार्ध गाळला, एवढेंच. परंतु प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. आपल्या वाचककुटुंबांपैकीं कित्येकांचा मुलगा, मुलगी, निदान पुतण्या तरी तिकडे आहे, आणि रात्रीं शेवटचें दार लागलें कीं नाहीं हें पाहण्याचें काम पुष्कळदां येथून गेलेल्या आजी-आजोबांकडेच येतें. म्हणून विषय जरा विस्तारानें घेतों.

तिकडील गॅरेज म्हणजे गाडी ठेवण्याची नुसती पडवी नव्हे. पुढचें दार पाहुण्यांसाठीं. घरचीं माणसें मोटारींतून थेट गॅरेजांत शिरतात आणि तेथूनच एका लहान दारानें घरांत जातात. तें आंतलें दार बहुधा कोणी लावीत नाहीं. तेव्हां आपल्या जुन्या वाड्यांत देवडीचें जें महत्त्व, तेंच तेथें गॅरेजच्या दाराचें. आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं जोडलेलें हें दार रुळांवरून सरकत वर जातें व छताखालीं आडवें होऊन राहतें. असें वर जाणारें दार सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनीं १९२१ मध्यें काढलें, आणि तें विजेनें उचलणारें यंत्रही त्यांनींच १९२६ मध्यें केलें. दोन मोटारींचें दार साधारणतः १६ फूट रुंद व ७ फूट उंच असतें, आणि वजनानें कित्येकदां १५० पौंडांहून अधिक भरतें. हा भार पिळून ताणलेल्या स्प्रिंगा तोलून धरतात. यंत्र केवळ ढकलण्याओढण्याचें काम करतें. त्या स्प्रिंगांना घरच्या माणसानें कधींही हात लावूं नये, हें जातां जातां सांगून ठेवतों.

रिमोटमधून निघते ती रेडिओची लहर. सेकंदाला सुमारें ३० ते ३९ कोटी आंदोलनांची. तिच्यावर एक संकेत स्वार झालेला असतो. जुन्या यंत्रांत हा संकेत ठरविण्यासाठीं रिमोटच्या आंत आठ-बारा इवल्याशा खिट्ट्या असत. प्रत्येक वर तरी किंवा खालीं तरी. छंदःशास्त्रांतील लघु-गुरूंसारखाच हा प्रकार. बारा खिट्ट्या असल्या तर एकंदर संकेत ४,०९६ होतात. दाराजवळ उभें राहून एकेक संकेत पुरा पाठवूं म्हटलें तर ४९,१५२ चिन्हें पाठवावीं लागतील; एवढा वेळ चोराला कोण देतो, असें यंत्र करणाऱ्यांस वाटलें असावें.

येथें मला शाळेंतील वृत्तांचा तास आठवतो. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. प्रत्येकीं तीन अक्षरें, म्हणजे एकंदर २४ लघुगुरु चिन्हें पाठ करावयाचीं. परंतु आपल्या पंडितांनीं ‘यमाताराजभानसलगा’ असें दहा अक्षरांचें एक सूत्र रचून ठेविलें आहे. कोणत्याही गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरें मोजलीं कीं तो गण मिळतो : यमाता हा यगण, मातारा हा मगण, ताराज हा तगण, आणि अशा रीतीनें सलगा या सगणापर्यंत. एका गणाचें शेपूट तेंच पुढच्याचें मस्तक, म्हणून २४ अक्षरांचें काम १० अक्षरांत होतें. हॉलंडचे गणिती डी ब्रॉइन यांनीं १९४६ मध्यें अशा मालिकांचें जें विवेचन केलें, त्यावरून पाश्चात्य गणितांत त्या त्यांच्या नांवानें ओळखल्या जातात. वर्गांत सूत्र पाठ करून घेतांना त्याचा उपयोग दारें फोडण्याकडेही होईल, असें कोणाच्या मनांत आलें असेल?

पण तसें झालें खरें. जुन्या यंत्रांची खोड अशी कीं, तीं आलेल्या चिन्हांपैकीं शेवटचीं बारा तेवढीं पाहतात. एक चिन्ह नवें आलें कीं सर्वांत जुनें गळतें, आणि पुन्हां तुलना होते. हें ओळखून सॅमी कामकार या अमेरिकन तज्ज्ञानें २०१५ मध्यें तीच युक्ति योजिली. बारा खिट्ट्यांसाठीं अशी मालिका केवळ ४,१०७ चिन्हांची होते. मॅटेल कंपनीच्या मुलांच्या एका जुन्या खेळण्यांत थोडा फेरफार करून त्यानें स्थिर संकेताचें दार दहा सेकंदांच्या आंत उघडतें हें सिद्ध केलें, आणि त्या करामतीला नांव दिलें ‘ओपनसेसमी’. म्हणजे आपलें ‘तिळा तिळा, दार उघड’. त्यानें हें चोरी करण्यासाठीं केलें नव्हतें, लोकांस जागें करण्यासाठीं केलें होतें. ज्यांच्या रिमोटमध्यें अद्याप खिट्ट्या आहेत, त्यांनीं इतर कांहीं वाचण्यापूर्वीं यंत्र बदलावें.

नवीं यंत्रें शहाणीं आहेत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून बदलत्या संकेताची रीति आली. रिमोट व यंत्र यांच्यापाशीं एक समान गुपित आणि एक चालता आंकडा असतो. प्रत्येक दाबण्यासरशीं आंकडा पुढें जातो व संकेत नवा होतो. एकदां वापरलेला संकेत यंत्र पुन्हां स्वीकारीत नाहीं, म्हणून तो वाटेंत कोणी टिपून घेतला तरी जसाच्या तसा पुन्हां वाजवून उपयोग नाहीं. मुलानें खेळतां खेळतां दूर कोठें बटण चारदोनदां दाबलें तरी बिघडत नाहीं. थोडा पुढें गेलेला आंकडा यंत्र समजून घेतें.

आतां आपल्या भगिनींचें कोडें उलगडेल. मोटारींतील त्या बटणांच्या योजनेला होमलिंक म्हणतात. २०१३ पासून ती मिशिगनमधील जेंटेक्स कंपनीची आहे. होमलिंक हातांतील रिमोटापासून शिकतें ती केवळ भाषा : लहर कोणती, संकेताची घडण कोणती. रिमोटची ओळख त्याला उसनी घेतां येत नाहीं. नवा नोकर घरची बोली शिकला म्हणून रखवालदार त्याला आंत सोडीत नाहीं. मालकानें एकदां समोर उभें करून ‘हा आपला’ असें सांगावें लागतें. हें सांगणें म्हणजेच उत्तरार्ध.

पूर्वार्ध असा. मोटार अगदीं नवी असेल तर कडेचीं दोन बटणें दिवा जलद लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरावीं. त्यानें पूर्वींचें सारें पुसलें जातें. (एकादें बटण आधींच दुसऱ्या फाटकासाठीं शिकविलेलें असेल तर हें करूं नये.) मग रिमोट आरशापासून एक ते तीन इंचांवर धरून रिमोटचें व आरशाचें बटण एकदम दाबावें, आणि दिव्याची संथ उघडझांप जलद होईपर्यंत सोडूं नये. नंतर आरशाचें बटण पुन्हां दाबून पाहावें. दिवा स्थिर राहिला तर काम झालें. दोन सेकंद जलद लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्र बदलत्या संकेताचें आहे असें समजावें. भगिनींचा दिवा असाच वागला असला पाहिजे.

उत्तरार्धासाठीं गॅरेजच्या छताला टांगलेल्या यंत्रापाशीं जावें लागतें. त्यावर ‘लर्न’ असें लिहिलेलें एक बटण असतें. तें दाबून लगेच सोडावें. धरून ठेवलें तर पांचसहा सेकंदांनीं यंत्र घरांतील यच्चयावत् रिमोट विसरून जातें, आणि मग घरभर जें रामायण होतें तें सांगावयास नको. बटण सोडल्यावर सुमारें ३० सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यांत मोटारींत बसून आरशाचें ठरलेलें बटण दोन सेकंद घट्ट दाबावें, सोडावें, पुन्हां दाबावें. कधीं तिसऱ्यांदाही दाबावें लागतें. दार हललें कीं ओळख पटली.

तीस सेकंदांत शिडीवरून उतरून मोटारींत बसणें हें एकट्याचें काम नव्हे. शिडीवर तरुणानें चढावें आणि वडील मंडळींनीं मोटारींत आरशासमोर बसून राहावें, हीच वाटणी योग्य. त्या वेळीं मोटारीची वीज चालू असावी, पण इंजिन बंद. बंद गॅरेजांत चालू इंजिनाचा धूर थोड्याच वेळांत जीव घेतो, आणि त्यांतील विषारी वायूला वासही नसतो. कांहीं यंत्रांना भिंतीवरील फलकांतच शिकविण्याची सोय असते, तेथें शिडीचें कारण पडत नाहीं. चेंबरलेन व लिफ्टमास्टर या नांवांच्या यंत्रांत ‘लर्न’चें बटण पिवळें असेल तर तें २०११ नंतरच्या पद्धतीचें होय, तें जुन्या मोटारींच्या होमलिंकला समजत नाहीं, मध्यें दुभाष्याचें काम करणारा एक लहान जोडयंत्राचा डबा बसवावा लागतो.

एक गोष्ट या साऱ्याहून महत्त्वाची. हातांतील रिमोट निदान खुंटीला अडकवितां येतो. आरशाचें बटण मांडीवर बसलेल्या नातवाच्या हाताशींच असतें. दाराखालीं सांपडून मुलें दगावल्यामुळें अमेरिकेंत १९९० मध्यें कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून घरगुती यंत्रांना मार्गांत कोणी आल्यास दार परतविणारी सोय सक्तीची झाली. दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून सहा इंचांच्या आंत दोन लहान ‘डोळे’ दिसतात ते त्याचसाठीं. १ एप्रिल १९८२ पूर्वींच्या यंत्राला होमलिंक जोडूंच नये. महिन्यांतून एकदां दाराखालीं जाड फळी आडवी ठेवून दार लावून पाहावें. फळीला टेकतांच तें परत वर गेलें पाहिजे. न गेलें तर त्या दिवसापासून दार हातानें लावावें व कारागिराला बोलवावें. दार दृष्टीसमोर असल्याखेरीज बटण दाबूं नये, हेंही घरांतील सर्वांस बजावून ठेवावें. वीज गेली तर यंत्राखालीं लोंबणारी तांबडी दोरी ओढली कीं दार यंत्रापासून सुटतें आणि हातानें उचलतां येतें. मात्र दार खालीं असतांनाच ती ओढावी.

मोटार विकतांना किंवा भाड्याची परत करतांना कडेचीं दोन बटणें दाबून सारें पुसून टाकावें. हें फार थोडे लोक करतात. मोटार चोरीला गेली तर प्रसंग याहून बिकट. तिच्या कागदपत्रांवर घराचा पत्ता असतो आणि आरशांत घराची किल्ली. अशा वेळीं पोलिसांना कळवून लगेच ‘लर्न’चें बटण दिवा विझेपर्यंत धरून सर्व ओळखी पुसाव्या, आणि घरचे रिमोट एकेक करून पुन्हां शिकवावे. तोंवर आंतल्या लहान दाराला आंतून कडी असावी.