जैविक प्रयोगशाळांची दारे उघडा, २०२७ ही शेवटची मुदत

जैविक अस्त्रबंदी कराराची दहावी आढावा परिषद उशिरात उशिरा २०२७ साली जिनिव्हात भरायची आहे. करारावर सही केलेल्या प्रत्येक सरकारला, आपल्याही, हा जाहीर इशारा आहे: त्या परिषदेतून तपासणीची सक्ती मान्य करूनच बाहेर पडा. आणखी एक गोडगोड ठराव आम्ही चालवून घेणार नाही.

हा करार १९७२ चा, अमलात आला २६ मार्च १९७५ ला. रोगजंतूंची अस्त्रे बनवायला, साठवायला, बाळगायला त्यात बंदी आहे. पण कुणी ती बनवतो आहे का, हे आत शिरून पाहणारी यंत्रणाच त्यात नाही. संशय आला तर सुरक्षा परिषदेकडे तक्रार करायची. तिथे नकाराधिकार घेऊन पाच देश बसलेले, आणि सर्वांत मोठा करारभंग केला तो त्यांतल्याच एकाने.

सोव्हिएत संघाने सही केली आणि सही वाळते न वाळते तोच लस-औषधांच्या नावाखाली ‘बायोप्रेपरात’ ही अस्त्रांची यंत्रणा उभारली. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले. आपल्याकडे शेतकरी जनावरांच्या ज्या रोगाला फाशी म्हणतात, तोच हा. श्वासावाटे छातीत गेला की आधी साधा ताप-खोकला, मग धाप, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. किमान ६६ माणसे गेली. काहींना तर कित्येक आठवड्यांनी लक्षणे दिसली. सरकारने सांगितले, लोकांनी रोगट मांस खाल्ले. गुप्तहेर खात्याने रुग्णालयातले कागद उचलून नेले. फाइना अब्रामोव्हा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृतांच्या ऊतींचे नमुने जिवावर उदार होऊन लपवून ठेवले, म्हणून पुरावा उरला. १९९२ साली रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी दोष लष्कराचा असल्याचे कबूल केले. १९९४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांच्या पथकाने नकाशाच मांडला: मेलेली माणसे आणि दूर ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांतली मेलेली जनावरे, बहुतेक सगळी त्या दिवशीच्या वाऱ्याच्या एकाच रेषेत. तेरा वर्षे एक सरकार जगाच्या तोंडावर खोटे बोलत राहिले, कारण दार उघडा म्हणण्याचा हक्क कुणालाच नव्हता.

एकट्या मॉस्कोकडे बोट दाखवून कुणी सुटू नये. प्लेग काय करतो हे मुंबई-पुण्याने १८९६-९७ मध्ये भोगले आहे. तोच प्लेग १९४० मध्ये जपानी लष्कराने पिसवांसकट चीनमधल्या निंग्बो शहरावर विमानातून टाकला. हे करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा प्रमुख शिरो इशी याला तिच्या जंतुप्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात अमेरिकेने खटल्यातून वाचवले. ब्रिटनने १९४२ मध्ये अँथ्रॅक्सची चाचणी घेतलेले ग्रुइनार्ड बेट १९९० पर्यंत माणसाला बंद होते. जुलै २००१ मध्ये तपासणीचा मसुदा वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर समोर आला, तेव्हा तो अमेरिकेनेच धुडकावला. त्याच वर्षी तिथे टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सने पाच जण मेले, आणि तिच्याच तपासयंत्रणेचा निष्कर्ष असा की पाठवणारा लष्करी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता.

रासायनिक अस्त्रांसाठी १९९७ पासून तपासनीस आहेत, त्यांची मोठी संस्था आहे. रोगजंतूंसाठी जिनिव्हात मूठभर माणसांचे कार्यालय. आपल्या प्रयोगशाळांबद्दल देशांनी दरवर्षी द्यायची माहितीही बरीच सरकारे देत नाहीत, आणि देणाऱ्यांतली अनेक ती आपल्याच जनतेपासून लपवतात. इकडे देवीची लस थांबवल्याला इतकी वर्षे झाली की चाळिशीच्या आतल्या जवळजवळ कुणाच्याच दंडावर तिचा व्रण नाही. देवीचे विषाणू मात्र अमेरिकेत आणि रशियात अजून जपून ठेवलेले आहेत.

म्हणून २०२७ नंतर जे सरकार तपासनिसाला दारातच अडवेल, त्याच्या ‘आमच्याकडे काही नाही’ या शब्दावर आम्ही विश्वास ठेवणार नाही. नकार हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा धरू. अशा सरकारच्या गुप्त प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी पाऊल टाकू नये, विद्यापीठांनी तिच्याशी करार करू नयेत. भारताने सक्तीच्या तपासणीची बाजू आजवर मांडली आहे. आता त्याने आपली वार्षिक माहिती संसदेच्या पटलावर ठेवावी, आणि जिनिव्हात अडथळा आणणाऱ्या देशांची नावे, मित्र असोत वा नसोत, उघड घ्यावीत. खासदारांनी ही मागणी येत्या अधिवेशनातच सरकारपुढे ठेवावी.