टाकीचे घाव

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. शाळेत असताना आम्ही तिच्यावर निबंध लिहिले आणि मोठेपणी इतरांना उपदेश करताना ती मुक्तहस्ताने वापरली. परंतु काही वर्षांपूर्वी एका घरी समाचारास गेलो असता ती आमच्या मुखातून निघाली आणि तेव्हापासून तिच्याविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न झाली. त्या घरातील आठ वर्षांचा मुलगा दीर्घ आजाराने निवर्तला होता. मातेला धीर द्यावा म्हणून आम्ही म्हणालो, "बाई, देव ज्याला घडवू इच्छितो, त्यालाच टाकीचे घाव घालतो." ती माउली शांतपणे उत्तरली, "मला घडवण्यासाठी माझ्या लेकराचा जीव कशाला हवा होता?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

प्रिय वाचकहो, दुःखाने मनुष्य खरोखर थोर होतो काय? होतो असे म्हणणारे घडलेल्या मूर्तीकडे बोट दाखवतात. पण त्याच पाषाणाची रस्त्याच्या कडेला खडीही फोडली जाते, आणि घाव तिलाही सोसावेच लागतात. रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या पदाला पोचलेल्या मुलाचे चरित्र आपण कौतुकाने वाचतो. त्याच्याच वर्गातील जी मुले शाळा सोडून कपबशा विसळण्यास गेली, त्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. दारिद्र्याने कितीतरी सज्जन कडवट झालेले आणि आजारपणाने कितीतरी प्रेमळ माणसे संशयी बनलेली आम्ही पाहिली आहेत. तेव्हा घाव हेच जर घडण्याचे कारण म्हणावे, तर जगात संतांची गर्दी व्हावयास हवी होती.

कालवारीच्या टेकडीवर प्रभूच्या दोन्ही बाजूंस दोन चोर क्रुसावर खिळलेले होते. खिळे सारखे, यातना सारख्या, मरणही सारखेच. तरी एकाच्या तोंडून निंदा निघाली आणि दुसऱ्याच्या तोंडून प्रार्थना. दुसऱ्याने आपल्या वेदनेतूनही शेजारच्या निरपराधाकडे पाहिले. पहिला मात्र आपल्याच सुटकेपुरते पाहत राहिला. आमच्या मते सारा भेद येथे आहे. दुःख मनुष्याची दृष्टी कोठे वळवावी हे ठरवीत नाही. ती ज्या दिशेस वळलेली असते, तेथे दुःखाचा प्रकाश पडतो इतकेच.

गोमंतकाचे सुपुत्र संत जोसेफ वाझ यांचे चरित्र याची साक्ष देते. 1651 साली बाणावली येथे जन्मलेले हे धर्मगुरू 1687 साली वेष पालटून श्रीलंकेत उतरले, कारण तेथील डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. 1692 साली कँडीच्या राज्यात त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून बंदिवासात टाकण्यात आले. पुढे 1697 साली त्या नगरात देवीची साथ आली. भयभीत लोक आप्तांनाही टाकून पळू लागले. फादर वाझ एका सहकारी धर्मगुरूसह मागे राहिले. त्यांनी टाकलेल्या रुग्णांना आसरा दिला, अन्न दिले, त्यांच्या जखमा धुतल्या, आणि हे करताना कोणाचा धर्म विचारला नाही. ही करुणा त्यांना बंदिवासाने शिकवली असे कोणी म्हणू नये. सुखाचे घर सोडून अज्ञात बेटाकडे निघालेल्या माणसाच्या ठायी ती आधीपासूनच होती. बंदिवासाला ती विझवता आली नाही, हे खरे. आणि त्यांनी एकाही रुग्णाला, "हे दुःख तुझ्या भल्यासाठी आहे," असे सांगून तसेच ठेवले नाही.

आमच्या प्रभूनेही तसे कधी केले नाही. त्याच्याकडे आलेल्या आंधळ्याला, कुष्ठरोग्याला, पक्षाघात झालेल्याला त्याने बरे केले. लाजरसाच्या कबरेपाशी तो रडला. गेथशेमाने बागेत स्वतः त्याने हा प्याला टळावा अशी याचना केली.

1995 साली फादर वाझ यांना धन्य घोषित करणारे पोप जॉन पॉल दुसरे यांना दुःख पुस्तकातून ठाऊक नव्हते. बालपणीच त्यांची माता वारली, पुढे बंधू गेला, मग पिता. नाझी अमलात ते दगडाच्या खाणीत राबले. 1984 साली मानवी दुःखावर त्यांनी जे पत्र लिहिले, त्याच्या अखेरीस ख्रिस्ताने दिलेली दुहेरी शिकवण सांगितली आहे: आपल्या दुःखाच्या द्वारे भले करावे, आणि जो दुःखात आहे त्याचे भले करावे. पहिली गोष्ट ज्याने त्याने स्वतःपुरती स्वीकारावयाची असते. दुसऱ्याच्या गळ्यात ती बांधण्याचा अधिकार आपणांस नाही. दुसरी मात्र आपणां सर्वांवर बंधनकारक आहे.

त्या माउलीला पुढे सावरले ते आमच्या म्हणीने नव्हे. शेजारची एक वृद्धा रोज सायंकाळी पेज घेऊन येई, तिला चार घास भरवी, तिच्याजवळ बसून जपमाळ करी आणि फारसे काही न बोलता परत जाई. असे कित्येक महिने चालले. आज तीच माता गावातील आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली दिसते. "दुःखाने तुम्हांला केवढे मोठे केले," असे कोणी म्हटले तर ती मान हलवते. "दुःखाने मला काहीच शिकवले नाही," ती म्हणते. "शिकवले ते त्या आजींनी."

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात कोणा दुःखिताच्या घरी जाण्याचा प्रसंग आला, तर म्हण घरीच ठेवावी आणि पेज न्यावी.