आधी वाकळ काढा

सेलू कापसाचं गाव. हंगामात बाजार समितीत गाड्यांची रांग लागते, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते. अन् याच गावात ध्यानाला बसायचं म्हटलं की आपण मोबाइलवर फोमचं ‘मेडिटेशन कुशन’ शोधतो. रिव्ह्यू वाचण्यात आठवडा जातो, बसणं राहूनच जातं.

उशीचं काम एवढंच, की कंबर गुडघ्यांपेक्षा वर यावी. मग गुडघे जमिनीला टेकतात, पाठ आपसूक ताठ राहते. घरातली वाकळ घडी करून बुडाखाली घ्या. गुडघे अधांतरी राहिले तर आणखी एक घडी. मऊ फोम दबतो. घट्ट घडी टिकते.

गीतेच्या सहाव्या अध्यायातलं आसनही गवत, कातडं आणि कापडाचं. फार उंच नको, फार खाली नको, हेच त्याचं माप.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा, त्यात कमीपणा नाही. पण ‘आधी सामान येऊ द्या’ हे दुकानदाराचं म्हणणं आहे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला ते दारातूनच परत पाठवतं. आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ कुणालाच परत पाठवत नाही. तिच्यावर आजच बसा.